चहाला येतो

नागपूरहून मामांचा फोन आला. "काहून हाडं खिळखिळी करून राहिला रे रात्रभर ट्रॅव्हल्समधी? विमानानं ये. सव्वा तासाचं तर काम आहे!"

मीही कागद-पेन्सिल घेतली. पुणे ते नागपूर सरळ रेषेत सुमारे 600 किलोमीटर. जेट विमान वर गेलं की ताशी 800 किलोमीटरनं सहज जातं, म्हणजे पाऊण तास. तिकिटावर मात्र 1 तास 25 मिनिटं. विमानाचं जागेवरून हलणं, धावपट्टीपर्यंत रांगणं, चढणं, उतरणं आणि पुन्हा जागेवर लागणं, सगळं त्यात धरतात. कोथरूड धरत नाहीत.

विमान साडेसहाचं. घरून तीनला निघालो. नळस्टॉपला घाम पुसला. संगमवाडीला मामांसाठी घेतलेला बाकरवडीचा पुडा फोडला. गुंजन चौकात रिक्षावाल्यालाही चार दिल्या आणि त्याच्या मेहुण्याच्या जमिनीचा दावा पहिल्या तारखेपासून ऐकून घेतला. 'विमाननगर' अशी पाटी दिसली तसा मी पैसे काढू लागलो. "बसा साहेब," तो म्हणाला, "हे नुसतं नगर आहे. विमान पुढं." पोचलो तेव्हा पावणेपाच वाजले होते आणि पुड्यात चुरा उरला होता.

लोहगावचा तळ हवाई दलाचा. तिथे आधी सुखोई, मग आपण. सुखोईंना कुणाच्या मामाकडे जायचं नव्हतं, तरी मान त्यांचाच. सातला आमचं विमान हललं.

आकाशातला प्रवास मात्र फारच आखूड. विमान चढून सरळ होतंय न होतंय तोच उतरायला लागतं. शेजारच्या गृहस्थांनी नूडल्स मागवले होते. त्यात गरम पाणी पडलं आणि पट्टे बांधायची घोषणा झाली. त्यांनी ते सारासारखे पिऊन टाकले.

नागपूरचा विमानतळ सोनेगावला, म्हणजे गावातच. मामा स्कूटर घेऊन उभे. खामल्यातलं घर दहा मिनिटांवर! तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. मामा खोटं बोलत नव्हते. नागपूरहून पुणं खरंच सव्वा तासावर आहे. पुण्याहून नागपूर मात्र सहा तासांवर, कारण मधलं बरंचसं अंतर पुण्यातच पडतं.

घरी नऊ वाजले. मामीनं पुडा उघडून आत पाहिलं आणि काही न बोलता तो चुरा चिवड्यात मिसळला. मामा खुशीत होते. "पाहिलं? आता पुढच्या महिन्यात मी येतो तुझ्याकडे. इथं जेवून निघतो दुपारी, चहाला कोथरूडला!"

"या की!" मी म्हणालो. कुठल्या दिवशीच्या चहाला, ते विचारलं नाही.