कान साफ करून जाजो

फौजेबद्दल मत नसलेला माणूस नागपुरात शोधून सापडत नाही. फौजेत गेलेला मात्र शोधावा लागतो. तिकडे साताऱ्यात अपशिंगे मिलिटरी नावाचं गावच आहे, कोल्हापुरात सैनिक टाकळी आहे. तिथे म्हणे घरटी एक जण सैन्यात. आमच्याकडे घरटी एक जण सैन्यात कसं जावं हे सांगणारा. त्याला कारणही तसंच आहे. शहराच्या ऐन मध्यात सीताबर्डीचा किल्ला, त्यात प्रादेशिक सेनेची पलटण. वायुसेनानगरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय. अंबाझरीला आयुध निर्माणी. कामठीला १८२१ पासूनची छावणी, तिथेच आता ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र. वर्ध्याकडे सरकलात तर पुलगावला दारूगोळ्याचं कोठार. एवढ्या वर्द्यांच्या मध्ये जन्म काढला की माणसाला भरती न होताच निवृत्त झाल्यासारखं वाटायला लागतं.

सल्ल्याची परंपराही आजची नसावी. २६ नोव्हेंबर १८१७ ला आप्पासाहेब भोसल्यांची फौज याच सीताबर्डीच्या टेकड्यांवर इंग्रजांशी भिडली आणि संख्येनं कितीतरी जास्त असूनही दुसऱ्या दिवशी हरली. इतिहासकार त्याची गंभीर कारणं देतात. मला विचाराल तर महालातून टेकडीपर्यंत जाताना वाटेत प्रत्येक ओट्यावरून कुणी ना कुणी "थांब बावा, मी काय म्हणतो" म्हटलं असणार.

तर आमच्या भाच्यानं, बहिणीच्या थोरल्यानं, बारावी झाल्यावर अग्निवीर व्हायचं ठरवलं. बहीण राहते रेशीमबागेच्या मैदानाजवळ. ते मैदान पहाटे भरतीच्या पोरांनी भरलेलं असतं, कारण मे महिन्यात नागपुरात सात वाजल्यानंतर धावणं हा प्रकार डॉक्टरांच्या कक्षेत येतो. पोट्टा तिथे जाऊ लागला आणि मोहल्ल्यात बातमी फुटली. त्या संध्याकाळपासून बहिणीकडची चहाची पातेली खाली उतरली नाही.

पहिले आले मोठे मामाजी. ते आयुध निर्माणीत होते, हिशेबाच्या खात्यात. त्यांच्या बोलण्यात मात्र ही बाब कधी येत नाही. "आम्ही माल पाठवायचो तेव्हा ते लढायचे," असं ते म्हणतात, आणि 'आम्ही' या शब्दावर असा काही दाब देतात की समोरच्याला एकाहत्तरचं युद्ध थेट त्यांच्या टेबलावरून लढलं गेल्याचं चित्र दिसावं. त्यांचा सल्ला एकच : छाती पुढे, नजर समोर, मनात शत्रू. भाच्यानं आडव्या दांडीवरच्या पुल-अपबद्दल विचारलं, "मामाजी, बीम किती मारू?" मामाजी म्हणाले, "मनात शत्रू ठेव, बीम आपोआप होते."

दुसरे प्राध्यापक काकाजी. हे कॉलेजात एनसीसी बघायचे. अशा प्राध्यापकांना कामठीच्या एनसीसी अधिकारी प्रशिक्षण अकादमीत काही आठवडे घासून-पुसून लेफ्टनंट करतात. काकाजी अर्थशास्त्राचे, गेले होते तेव्हा नीट वाकता येत नव्हतं, परत आले ते घरी काकूंना "विश्राम" म्हणू लागले. काकूंनी दुसऱ्याच दिवशी ते बंद पाडलं, पण मिशी राहिली. त्यांनी भाच्याला अर्धा तास सलामीचा कोन शिकवला. कोन अचूक होता. फक्त भरतीत कुणी कुणाला सलामी ठोकायला सांगत नाही.

तिसरा वर्ग जनरलसाहेबांच्या वर्गमित्रांचा. मनोज पांडे आमच्या नागपूरचे. ३० एप्रिल २०२२ ला ते लष्करप्रमुख झाले, इंजिनिअर्समधून त्या पदावर गेलेले पहिलेच. त्या आठवड्यात नागपुरात त्यांच्याच बाकावर बसलेली इतकी माणसं निघाली की तो बाक सदरपासून कॉटन मार्केटपर्यंत लांब असावा. पुढे दीड महिन्यानं, १४ जूनला, अग्निवीरांची अग्निपथ योजना जाहीर झाली. तेव्हा हेच बाकवाले म्हणू लागले, "मला एक फोन केला असता तर!"

चार वर्षांची नोकरी, मग शंभरातल्या पंचवीसांना पुढे ठेवणार, बाकीचे सेवानिधी घेऊन घरी. या 'बाकीचे' शब्दावर देशात बराच वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता असं माझं मत. वीस-बावीसच्या पोरानं बंदूक खाली ठेवून पुढे काय करायचं, हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. पण आमच्या मोहल्ल्यात त्याचं उत्तर तयारच होतं. सेवानिधीची पावणेबारा लाखांच्या आसपासची रक्कम ऐकल्याबरोबर बैठकीचा नूर पालटला. एकानं बेसा भागात प्लॉट सुचवला. दुसऱ्यानं डेअरी. तिसऱ्याचा साळा म्युच्युअल फंडात होता, तो दुसऱ्या दिवशी फॉर्म घेऊनच आला. पोट्टा अजून मैदानाची एक चक्कर नीट मारत नव्हता आणि त्याच्या प्लॉटला तारेचं कंपाउंड पडलं होतं.

या सगळ्यात कागद कुणालाच आठवले नाहीत. ते बहिणीनं गोळा केले. रहिवासी दाखला, जातीचा दाखला, चारित्र्याचा दाखला, वीस फोटो, आणि अविवाहित असल्याचा दाखला. हा शेवटचा बघून आजी हबकली. "अठरा वर्षांच्या पोट्ट्याचं लग्न झालं नाही हे लिहून कायले पायजे? चेहऱ्यावर दिसत नाही का?"

शेवटी भाऊजींनीच सांगितलं, खरा फौजी गाठू. कामठी रोडवर त्यांच्या ओळखीचे एक सुभेदारसाहेब राहतात, गार्ड्समधून निवृत्त, मूळचे भंडाऱ्याकडचे. आम्ही तिघं गेलो. जाताना भाऊजींनी भाच्याला नवा शर्ट घातला होता आणि वाटेत बजावलं होतं, "ते जे सांगतील ते लिहून घे." वही सोबत होती.

व्हरांड्यात चपलांच्या तीन जोड्या एका ओळीत, टाचा भिंतीला. आम्ही आमच्या काढल्या त्या वेड्यावाकड्या, तर साहेबांनी काही न बोलता पायानं त्या ओळीत लावल्या. भाच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणाले, "उंची?" भाचा म्हणाला, "एकशे एकोणसत्तर." "सकाळची का संध्याकाळची?" आम्ही एकमेकांकडे पाहिलं. "संध्याकाळी माणूस थोडा कमी होते. सकाळी मोजजो. एकशे अडुसष्ट लागते."

मग त्यांनी बादलीतून मगभर पाणी आणलं आणि व्हरांड्याच्या फरशीवर ओतलं. "चप्पल काढलीच आहे. पाय ओला कर, अन् इकडे कोरड्यावर चार पावलं चाल." भाचा चालला. साहेब खाली बसले, अगदी उकिडवे, आणि फरशीवरचे ओले ठसे निरखू लागले. पंज्याचा ठसा, टाचेचा ठसा, मध्ये बाहेरच्या कडेनं एक बारीक पट्टी. बोटानं ती पट्टी मोजली. "ठीक आहे. सपाट नाही." उन्हानं ठसे वाळेपर्यंत ते पाहत राहिले, वाळता वाळता टाच शेवटी गेली. मग भाच्याला सरळ उभं केलं, घोटे जुळव म्हणाले, गुडघ्यांमधून बोट फिरवून पाहिलं. हात पुढे करायला लावून कोपरांचा कोन पाहिला. शेवटी आतून टॉर्च आणली, त्याचा कान धरून वाकवला आणि आत उजेड पाडला.

"कान साफ करून जाजो," सुभेदारसाहेब म्हणाले. "डॉक्टरकडून. काडी घालू नको."

भाच्यानं वहीत लिहिलं : कान.

"नखं कापून जाजो. दातांची कीड असंन तर आत्ताच भरून घे. दंडावर गोंदवू नको, किती पोट्टे असे माघारी गेले. मोजे सुती, नवे नको, धुतलेले. नव्या बुटात धावू नको."

भाऊजी वाट पाहत होते. त्यांना वाटलं ही प्रस्तावना, मुख्य भाषण आता सुरू होईल. ते झालं नाही तेव्हा त्यांनी हळूच सुचवलं, "साहेब, थोडं देशाबद्दलही सांगा ना त्याला."

साहेबांनी विचार केला. "देश ठीक आहे," ते म्हणाले. "मोजे दोन जोड ठेवजो."

तेव्हापासून एक गोष्ट माझ्या लक्षात येऊ लागली आणि मग ती जिथे तिथे दिसू लागली. ज्यानं वर्दी घातली नाही त्याचा सल्ला डोक्यापासून सुरू होतो आणि वर आभाळात जातो : शौर्य, शिस्त, मातृभूमी. ज्यानं घातली त्याचा सल्ला टाचेपासून सुरू होतो आणि फार तर कानापर्यंत पोचतो. पुढे आम्ही आणखी दोघातिघांना भेटलो. महार रेजिमेंटमधले एक हवालदार, सागरला शिकलेले. ते पाऊण तास फक्त झोपेवर बोलले. ट्रकमध्ये झोप, उभ्यानं झोप, पाच मिनिटांची झोप. "झोप आत्ताच साठवून ठेव पोरा, तिथे कोटा नसते." दुसरे सिग्नल्सचे. त्यांनी सांगितलं, उस्तादानं विचारलं की पेंटिंग कुणाला येते, तर हात वर करू नको. भाच्याला चित्रकलेत बक्षीस मिळालेलं, त्याला राहवेना. "का पण?" "कारण छावणीत पेंटिंग म्हणजे झाडं. दीड फूट गेरू, वर चार बोटं चुना. रविवारी." कामठीत कधी गेलात तर ती झाडं पाहा. दोन्ही बाजूंना नजर जाईल तिथवर, बुंधे एका उंचीवर रंगवलेले. प्रत्येक बुंध्यामागे हात वर केलेला एक रंगरूट आहे, हे कळल्यापासून मला त्या रस्त्यानं जाताना वाईट वाटतं.

धावण्याबद्दल सुभेदारसाहेबांनी पुन्हा बोलावून सांगितलं. सोळाशे मीटर, साडेपाच मिनिटांत आला तर पूर्ण साठ गुण, त्यापुढे पंधरा सेकंद गेले की अठ्ठेचाळीस. दहा बीमचे चाळीस. हे आकडे मोहल्ल्यात कुणालाच ठाऊक नव्हते. धावायच्याही आधी हल्ली संगणकापुढे बसून लेखी परीक्षा द्यावी लागते, हेही नव्हतं. ते ऐकून मोठ्या मामाजींचा फार हिरमोड झाला. "शत्रू का माऊस घेऊन येणार आहे?" पण पोट्टा पास झाला.

"पहिल्या चक्करले जे पुढे पळतात," साहेबांनी सांगितलं होतं, "ते तिसऱ्या चक्करले भेटतात. तेव्हा त्यांच्याशी बोलत बसू नको."

मैदानी चाचणी मानकापूरच्या क्रीडा संकुलावर होती. मध्यरात्रीपासून पोरं रांगेत. आम्ही बापमंडळींसोबत बाहेर. गडचिरोली, यवतमाळ, वाशिम, सारा विदर्भ फाटकाशी पथारी टाकून बसला होता. तिथे मला प्रथमच असे बाप दिसले जे सल्ला देत नव्हते. यवतमाळकडचे एक गृहस्थ पोराचा चेस्ट नंबर हातावर पेनानं लिहून बसले होते आणि दर थोड्या वेळानं तो पुसला तर नाही ना ते पाहत होते. आमचे भाऊजी त्यांना "मनात शत्रू ठेवायचा असतो" असं सांगायला निघाले होते. मी त्यांना कस्तुरचंद पार्काकडे तर्री-पोहे खायला घेऊन गेलो.

पोट्टा साडेपाचच्या आत आला. बीम नऊ. नववा कसा झाला विचारलं तर म्हणाला, "मागून उस्ताद ओरडला." वैद्यकीय तपासणीत त्याच्या पुढच्या दोघांना कानात मळ म्हणून परत पाठवलं. आमच्या पोट्ट्याच्या कानात डॉक्टरनं पाहिलं आणि म्हणे, "शाबास." एवढ्या साऱ्या प्रक्रियेत त्याला मिळालेली ही एकमेव शाबासकी. प्राध्यापक काकाजींनी ती सलामीच्या खात्यावर जमा करून घेतली.

मग यादी लागली, नाव आलं, आणि मागोमाग हजर व्हायचं ठिकाण आलं. कामठी.

बहिणीनं रडायची पूर्ण तयारी केली होती. बेळगाव, सागर, जबलपूर, कुठेतरी राज्य ओलांडून जाईल, स्टेशनवर निरोप, खिडकीतून हात, असं सगळं मनाशी ठरलेलं होतं. आता ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत मेट्रो आणि पुढे ऑटो. "देश राखायले पोट्टा मेट्रोने जाऊन राहिला," मामाजी म्हणाले आणि गप्प झाले. बहीण मात्र सावरली. पंधरा-सोळा किलोमीटर म्हणजे डबा जाऊ शकतो, असा हिशेब तिच्या चेहऱ्यावर उमटलेला मी पाहिला. तिनं संत्रा बर्फीचे दोन डबे ट्रंकेत भरलेही.

निघायच्या आदल्या दिवशी सुभेदारसाहेब घरी आले. सगळा मोहल्ला जमलेला. त्यांचंच केंद्र, त्यांचीच रेजिमेंट. आता तरी रेजिमेंटचं ब्रीद 'पहला हमेशा पहला' होणार, दोन शब्द होणार, म्हणून काकाजींनी खुर्ची मध्ये ओढली. साहेब बसले. भाच्याला जवळ बोलावलं आणि आवाज खाली करून म्हणाले, "कामठी मिळाली, वाईट झालं."

"का हो साहेब?" भाऊजी घाबरले.

"घर जवळ. उस्तादले समजलं तर मेला हा. अबे, कोणी विचारलं कुठचा, तर विदर्भातला म्हणजो. नागपूर म्हणू नको. नागपूर म्हटलं की संत्रा बर्फी. दर सुट्टीनंतर अख्खी बरॅक वाट पाहत बसते."

बहीण उठली आणि ट्रंकेतून डबे काढून आत घेऊन गेली.

"अन् कुलपं दोन घेजो."

"ट्रंक एकच आहे साहेब," भाऊजी म्हणाले.

"एक ट्रंकेले. दुसरं, पहिलं गेल्यावर."

बैठकीत शांतता पसरली. मोठे मामाजी पुढे सरकले. "गेल्यावर म्हणजे? फौजेत चोरी होते?"

सुभेदारसाहेबांना हा शब्द मनाला लागला. ते ताठ झाले. "चोरी कशी होईन, साहेब? फौजेत सामान हरवत नाही. पलंग बदलते."

भाऊजी त्याच संध्याकाळी इतवारीत जाऊन कुलपं घेऊन आले. तीन.