खालच्या गायीचं पोट

लोह्यात सॉफ्ट पेस्टल मागितले, की दुकानदार शाळकरी पोरांचे तेलकट खडू पुढे करतो. ते नकोत म्हटलं, तर फळ्यावर लिहायचे काढतो. त्यालाही मान हलवणाऱ्या गिऱ्हाइकाकडे तो ज्या नजरेने बघतो, ती पचवल्याशिवाय या तालुक्यात निसर्गचित्रकार होता येत नाही.

सॉफ्ट पेस्टल म्हणजे जवळजवळ निव्वळ रंगद्रव्य, कांडी मोडू नये इतकाच त्यात डिंक. हे खडू पाण्यात कालवत नाहीत. मनासारखा हिरवा पेटीत नसला, तर निळ्यावर पिवळ्या रेघा ओढायच्या आणि उरलेलं काम बघणाऱ्याच्या डोळ्यांवर सोपवायचं. कागद खरखरीत हवा. नाहीच मिळाला, तर सुताराचा बारीक पॉलिश पेपर चालतो. घरचे समजतात, माणूस शेवटी कामाला लागला.

असा सरंजाम घेऊन लोह्याचा हौशी चित्रकार लिंबोटी धरणाच्या काठावर बसतो. समोर लालकंधारी गाय पाणी पीत असते. गडद तांबडी गाय, हिरवट पाणी. एकमेकांशेजारी आले की दोन्ही रंग पेटतात. इम्प्रेशनिस्टांना याहून जास्त काय हवं होतं?

तेवढ्यात गुराखी मागे येऊन उभा राहतो.

"सर, काय काढायलात?"

"पाणी."

"पाणी तर कुठंच दिसंना. गाय दिसायली, बाभळ दिसायली, आभाळ दिसायलं."

सर गप्प. पाण्याच्या नावाखाली तेवढंच काढायचं असतं, हे त्याला कसं सांगावं?

"अन् खालच्या गायीचं पोट कुठंय?"

इथे भले भले अडकतात. वरची गाय उलटी करून खाली उतरवली, की प्रतिबिंब झालं असं त्यांना वाटतं. पण पाणी गायीकडे खालून बघतं. म्हणून प्रतिबिंबात पोट जास्त दिसतं आणि पाठ लपते. गुराख्याने प्रकाशशास्त्राचं पुस्तक उघडलेलं नसतं, त्याने फक्त रोज गाय बघितलेली असते.

बाकीचे नियमही काठावरच सापडतात. गडद वस्तू पाण्यात किंचित उजळते, उजळ वस्तू किंचित मंदावते. पायाशी सरळ खाली बघितलं, तर पाणी जेमतेम दोन टक्के उजेड परत पाठवतं, म्हणून तिथे गाळ दिसतो. लांबवर नजर तिरकी पडते आणि तेच पाणी आरसा होतं. एका कागदावर चिखल आणि आभाळ दोन्ही मांडायचे. आधी प्रतिबिंबाच्या उभ्या रेघा, मग त्यांवर कांडी आडवी धरून हलकेच एखादा फटकारा, की पाणी सपाट होतं. बोटाने फार घोटलं, तर चित्रभर गाळच उरतो.

बघ्यांचा त्रास इम्प्रेशनिस्ट चित्रकार मोनेलाही चुकला नाही. 1893 साली त्याने झिव्हर्नीत तळं करायचं ठरवलं, तेव्हा त्याच्या परदेशी वनस्पतींनी पाणी विषारी होईल म्हणून गावकऱ्यांनी हरकत घेतली. पुढे त्याच तळ्यातल्या कमळांची त्याने सुमारे अडीचशे चित्रं केली. 1901 मध्ये लंडनला त्याचे कॅनव्हास वेळेवर पोचले नाहीत, म्हणून त्याने थेम्स नदी आणि वॉटर्लू पूल पेस्टलमध्येच उतरवले. आपल्याकडे कोल्हापूरच्या आबालाल रहिमानांनी कोटितीर्थाचं तळं पुन्हा पुन्हा रंगवलं. तळं तेच असतं, उजेड रोज वेगळा असतो.

तेव्हा माळेगावच्या यात्रेला जाल, तर घोडे, उंट बघून झाल्यावर लिंबोटीकडेही एक चक्कर मारा. यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला सुरू होते. त्या दिवसांत ऊन तिरपं असतं आणि पाणीही बरं असतं. उन्हाळ्यावर ढकलू नका. वैशाखात पाणी खाली जातं, वारा सुटतो आणि पेस्टलची भुकटी कागदापेक्षा चित्रकाराच्या सदऱ्यावरच जास्त बसते.