सेक्रेटरींचा हायरेज फोटो

पेडण्याच्या पुनवेपासून शिरगावच्या लईराईच्या जत्रेपर्यंत या माणसाला फुरसत नसते. कोरगाव, पार्से, मांद्रे, तिकडे डिचोलीत मये, नार्वे, साखळी. गाव बदलतं, उत्सव समितीचा सेक्रेटरी तोच. खिशात पावतीपुस्तक, हातात मोबाईल, आणि काल्याला चार दिवस उरले की मुक्काम डीटीपीच्या दुकानात. ‘रात्रौ ठीक १० वाजता’ छापून १२ला नाटक सुरू करणाऱ्या माणसाच्या हिशेबी चार दिवस म्हणजे फारच लवकर.

काम नेहमीचं. नाटकाची हस्तपत्रिका आणि नाक्यावर लावायला दहा बाय आठचा फ्लेक्स.

“भाई, फोटो हायरेज पाहिजेत,” ऑपरेटर पोरगा बजावतो.

“हायरेजच धाडतां. ३०० डीपीआय!” हा मंत्र कुठून तरी त्याच्या कानावर पडला आहे. पाच मिनिटांत अध्यक्षांचा फोटो येतो. तो कुणाच्या तरी व्हॉट्सॲप स्टेटसचा स्क्रीनशॉट असतो. वर वेळ आणि १४ टक्के उरलेली बॅटरीसुद्धा दिसते. अध्यक्षांच्या खांद्यावर एक हात आहे. हाताचा धनी फ्रेमबाहेर आहे. पोरगा आधी तो हात खोडतो.

सरपंचांचा फोटो तर वीस जणांच्या घोळक्यातला. व्हॉट्सॲपवरून साधा पाठवलेला फोटो लांबीला साधारण १६०० पिक्सेलचा उरतो. त्यात सरपंचांच्या वाट्याला आले जेमतेम ६०. ऑफसेटवर १५० लाइनच्या स्क्रीनला इंचाला त्याच्या दुप्पट पिक्सेल लागतात, म्हणून तो ३००चा आकडा. त्या मापाने सरपंचांचा चेहरा स्वच्छ छापायचा तर ५ मिलिमीटरचा होतो. एवढ्याशा सरपंचांना घेऊन समिती पुढच्या वर्षी देणगी मागायला कुठल्या तोंडाने जाणार?

“बारीक दिसता? मागीर व्हड कर मरे!”

“मोठा केला की फुटतो, भाई. फोटोत ठिपकेच कमी आहेत.”

सेक्रेटरी खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसतो. एक्सपोर्टच्या चौकटीत ७२ दिसतात. गुन्हेगार सापडला! “हंय ३०० घाल.” पोरगा निमूटपणे घालतो. फाइल फुगते, सरपंच धूसरच राहतात. पेजेत पाणी ओतलं म्हणून शितं वाढत नाहीत, हे घरी रोज पेज जेवणाऱ्या माणसाला कळायला हरकत नव्हती. तो क्षणभर विचार करतो आणि म्हणतो, “मागीर ६०० घाल!”

मान आणि मेगाबाइट यांचं प्रमाण गावात व्यस्त असतं. ५१ रुपये देणारा हौशी नट स्टुडिओत काढलेला दहा एमबीचा फोटो पेन ड्राइव्हवर आणून देतो; तो छापायचा असतो तिकिटाएवढा. ज्यांचा चेहरा सगळ्यात मोठा, त्या आमदारांचा फोटो सगळ्यात लहान, कारण तो त्यांच्या डीपीवरून उचललेला. “त्यांच्या पीएकडून मूळ फाइल मागवा, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा,” असं पोरगा दरवर्षी सुचवतो. सेक्रेटरींना ते पटतं. ते फोन लावतात, ख्यालीखुशाली होते, नाटकाचं आमंत्रण दिलं जातं, आणि फोटो तेवढा मागायचा राहतो.

शेवटी फ्लेक्स निघतो. आमदारांचे १६०० पिक्सेलसुद्धा नाहीत. असते आणि दहा फुटांवर ताणले असते, तरी इंचाला १३ पडले असते. पोरगा बॅनरवर आपल्या दुकानाचं नाव टाकत नाही. पण नाक्यावर वीस फूट उंच बांधलेला तो बॅनर चालत्या स्कूटरवरून झकास दिसतो, कारण लांबून बघणाऱ्या डोळ्याला तेवढे ठिपके पुरतात. “पळय! सारको आयला मरे,” सेक्रेटरी विजयी मुद्रेने सांगतात. हस्तपत्रिका मात्र लोक हातात धरून वाचतात. तिच्यात सरपंच ओळखू येत नाहीत. तो दोष अर्थातच मशीनचा.

पण याच माणसाने नाटकाच्या रात्री मंडपवाल्याला पिटाळलेलं असतं, रुसलेल्या खलनायकाची समजूत काढलेली असते आणि पहाटे खुर्च्या मोजून टेम्पोत चढवलेल्या असतात. तो नसता तर पडदाच वर गेला नसता. म्हणून पोरगाही बिल देताना दोनशे रुपये कमी लावतो.

पुढल्या वर्षी सेक्रेटरी तयारीनिशी येतात. गेल्या वर्षीची हस्तपत्रिका त्यांनी जपून ठेवलेली असते. “हीच स्कॅन कर, फक्त तारीख बदल.” पोरगा स्कॅन करतो आणि कपाळाला हात लावतो. छपाईचे ठिपके स्कॅनमध्ये उतरून सरपंचांच्या तोंडावर जाळी आलेली असते.

“भाई, यात सगळे ठिपकेच ठिपके आलेत!”

“मग बरंच झालं मरे,” सेक्रेटरी खूश होतात. “गेल्या वर्षी कमी पडले म्हणून तूच रडत होतास!”