धार की थेंब?

साताऱ्याच्या सदरबझारात भल्या सकाळी कुणी अडवून "झाली?" असं विचारलं, तर तो प्रश्न चहाचा नसतो आणि तुमच्याबद्दलही नसतो. ते आमचे नाना. हातात कुत्र्याचा पट्टा दिसला की त्यांना राहवत नाही. पुढचा प्रश्नही ठरलेला : "धार की थेंब?"

नाना बँकेत हेड कॅशियर होते. "आता मोजायला नोटा नाहीत, म्हणून बंड्याची लघवी मोजतात," इति माई. बंड्या म्हणजे त्यांचा पांढराशुभ्र पॉमेरेनियन, गल्लीतल्या प्रत्येक खांबावर हजेरी लावणारा. जुन्या कॅशबुकात त्याचे रकाने आहेत : वेळ, खांब, रंग, शेरा. "फिकट, समाधानकारक." "गडद. दुपारी पाणी कमी." कुत्रा एकाएकी भांडीच्या भांडी पाणी पिऊ लागला तर मधुमेह असू शकतो, मूत्रपिंडाचं दुखणंही असू शकतं; शहाणा कुत्रा घरात ओलं करू लागला तर आधी रट्टा नाही, आधी डॉक्टर, हे व्याख्यान ते वाण्याच्या दुकानात, मागे रांग खोळंबलेली असताना देतात.

एकदा डॉक्टरांनी नमुना मागितला. नानांनी काठीला माईंची आमटीची पळी बांधली. बंड्याने पाय वर केला की पळी खाली सरकायची. बंड्या पळीकडे बघायचा आणि पाय खाली ठेवायचा. शेवटी नाना आपण त्या गावचेच नाही असं दाखवत, पाठ फिरवून, शीळ घालत उभे राहिले आणि मागच्या मागे पळी सारली. नमुना स्वच्छ बाटलीत भरून फ्रिजमध्ये गेला, ताकाच्या शेजारी. माई दोन दिवस ताक प्यायल्या नाहीत.

गेल्या गणपतीत मात्र गल्लीचं हसू थांबलं. रात्री आरतीनंतर बंड्या खांबाशी पाय वर करून उभाच. कुंथत होता, मध्येच चाटत होता. पडले ते दोन लालसर थेंब. मंडपातून सल्ले सुरू झाले. "बद्धकोष्ठ असेल." "उन्हाळी लागलीय नाना, धने-जिऱ्याचं पाणी पाजा, सकाळपर्यंत मोकळा होईल."

"तोटी बंद आणि वरून बादल्या ओतायच्या?" नाना कडाडले. त्यांना इतकं चिडलेलं आम्ही कधी पाहिलं नव्हतं. रिक्षा बोलावली, झोपलेल्या डॉक्टरांना उठवलं. एक्स-रेत मुतखडा निघाला. नर कुत्र्याच्या शिश्नात एक हाड असतं. मूत्रनलिका तिथे अरुंद होते आणि खडा नेमका तिथेच अडकतो. डॉक्टरांनी नळी घालून खडा मूत्राशयात मागे ढकलला, नंतर शस्त्रक्रिया करून काढला. लघवी पुरती तुंबली की विष रक्तात चढतं, दोन-तीन दिवसांत जीव जाऊ शकतो. धने-जिरेवाले तेव्हापासून नानांना वाकून नमस्कार करतात.

आता बंड्या ठणठणीत आहे. नाना स्वतः मात्र रात्रीतून चारदा उठतात. माईंनी "तुमची धार की थेंब?" विचारलं की पेपर तोंडासमोर धरून म्हणतात, "वय झालंय, चालायचंच."

तेव्हा तुमचा कुत्रा कुंथत असेल, थेंबथेंब करत असेल किंवा लघवीत रक्त दिसत असेल, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री डॉक्टर गाठा. माणसांची वेदनाशामक गोळी तर चुकूनही देऊ नका. आणि वाटेत नाना भेटले, तर त्यांनाही डॉक्टरकडे जायला सांगा. आमचं ऐकत नाहीत.