बारगीर, सहकुटुंब

कोलकात्याला जायचं ठरलं तेव्हा मी घरात एवढंच म्हणालो, की आपली नागपूरची माणसं तिकडे आधी जाऊन आलेली आहेत.

"कोण, बाजूचे देशपांडे?" आईनं विचारलं.

"रघूजीराजे भोसल्यांची फौज. १७४२."

आईनं पुन्हा मेथी निवडायला घेतली.

फौजेचं एक बरं होतं, तिला वेटिंग लिस्ट नव्हती. आम्ही सहा जण: मी, ही, आई, दोन पोरं आणि ऐनवेळी "मी पण येतो ना भाऊजी" म्हणणारा मेहुणा. गीतांजली एक्सप्रेस १९७७ साली मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना सुरू झाली ती वर्गविरहित गाडी म्हणून. पुढे तिला सगळे वर्ग फुटले. आमच्या सहा जणांतच दोन वर्ग पडले होते, कन्फर्म आणि आरएसी. मेहुणा आरएसी होता. त्याच्या बॅगेत दोन शर्ट आणि खर्र्याच्या वीस पुड्या होत्या. कोलकात्यात खर्रा मिळणार नाही, ही एकच गोष्ट त्यानं त्या शहराबद्दल नीट चौकशी करून काढली होती.

हावड्याला उतरलो आणि पिवळ्या अँबॅसिडरमध्ये शिरलो. या गाड्या बनवणारा उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ मध्ये बंद पडला. आमची टॅक्सी त्याच्या बऱ्याच आधी पडली असावी. ड्रायव्हरनं आमचे सात डाग आणि सहा माणसं अशी काही बसवली की कुणाचा हात कुणाचा आहे ते उतरेपर्यंत कळलं नाही. पूल आला तशी आईनं कमरेच्या पिशवीतून पाच रुपयांचं नाणं काढलं. गंगा ओलांडताना नाणं टाकायचं, हे तिनं नागपुरातच ठरवलेलं. पण खिडकीची काच खाली करायची मूठच दाराला नव्हती. चार दारांत मिळून एकच मूठ होती आणि ती ड्रायव्हरच्या खिशात होती. ती त्यानं मेहुण्याकडे दिली, मेहुण्यानं हिच्याकडे, हिनं पोराकडे, पोरानं ती आधी निरखून पाहिली. आईच्या हातात मूठ पडली तेव्हा सातशे पाच मीटरचा पूल संपून समोर केळ्यांच्या हातगाड्या लागल्या होत्या.

"काऊन रे, इतका लहान पूल?" आई म्हणाली.

लहान! साडेसव्वीस हजार टन पोलाद, सगळं रिव्हेट ठोकून जोडलेलं, नटबोल्टचं नाव नाही. १९४३ पासून उभा आहे. पण मेहुण्याला या पुलाची दुसरीच गोष्ट आवडली. खांबांच्या बुडाशी लावलेली पोलादी आवरणं लोकांच्या पानाच्या पिंकांनी झिजत गेली, शेवटी तिथं फायबरग्लास बसवावं लागलं. हे ऐकल्यावर तो बराच वेळ गप्प होता. मग आदरानं म्हणाला, "पोलाद खाते म्हणजे पान कडकच असंन."

डिसेंबर होता. नागपुरात या दिवसांत शेकोटी लागते, म्हणून आम्ही अर्ध्या बाह्यांत हुंदडत होतो. आजूबाजूला मात्र सगळं शहर मंकी कॅपमध्ये. आमच्याकडे बघून एक बाई आपल्या मुलाला काहीतरी सांगत होती. बहुधा, असं केल्यावर काय होतं ते.

व्हिक्टोरिया मेमोरियल मला फार आवडलं, आणि त्याचं कारण संगमरवर नव्हे. (संगमरवर मकराण्याचा, म्हणजे ताजमहालाचाच.) कर्झनच्या डोक्यातून निघालेली ही वास्तू. १९०६ मध्ये पायाभरणी झाली. १९११ मध्ये राजधानी दिल्लीला न्यायचं जाहीर झालं आणि १९२१ मध्ये ही उघडली. मुलासाठी दोन मजले चढवावेत आणि गिलावा वाळायच्या आत त्यानं पुण्याला फ्लॅट घ्यावा, तसं. नागपूरकराला हे समजावून सांगावं लागत नाही. आमचीही राजधानी होती. १९५६ मध्ये गेली, आणि तिचे बंगले अजून आमच्या सिव्हिल लाइन्सात हिवाळी अधिवेशनाची वाट बघत बसलेले असतात. घुमटावरच्या विजयदेवतेकडे बघून मी हळहळलो. हिनं तेवढ्यात माझा फोटो काढला. त्यात मी शिंक अडवल्यासारखा दिसतो.

इंडियन म्युझियमला तिथले लोक जादूघर म्हणतात. टॅक्सीवाल्यानं तो शब्द उच्चारला आणि पोरं टोपीतला ससा बघायला म्हणून आत शिरली. १८१४ मध्ये स्थापन झालेल्या त्या संग्रहालयात देवमाशाएवढे सांगाडे बघूनही त्यांची समजूत पटेना. शेवटी इजिप्तच्या ममीपाशी गर्दी होती, तिथं आईनं पुढं होऊन काचेत डोकावलं, पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "मायबाई. इतकी वर्षं कुणी उचललाच नाही का याला?"

जेवणाचं विचारू नका. आईसाठी आम्ही 'निरामिष' हा एक शब्द शिकलो आणि चार दिवस त्यावर काढले. सकाळी कोचुरी-आलूर दम, दुपारी कोचुरी-आलूर दम. मेहुणा मात्र पहिल्याच दिवशी इलिशच्या काट्यांत असा गुंतला की दीड तास त्याला खर्रा आठवला नाही.

नाणं अजून पिशवीतच होतं. मी म्हणालो, मेट्रोनं जाऊ, २०२४ पासून ती गंगेच्या खालून जाते. आईला मी 'गंगेवरून' असं सांगितलं नव्हतं, पण 'खालून'वर जोरही दिला नव्हता. गाडी सुटली, खिडकीबाहेर निळे दिवे लागले. आई नाणं मुठीत धरून उभी.

"कुठाय गंगा?"

"डोक्यावर."

आईनं वर बघितलं. तिथं पंखा होता. पात्र ओलांडायला पाऊण मिनिट लागतं. त्यातलं अर्धं मिनिट तिनं माझ्याकडे बघण्यात घालवलं.

चौथ्या दिवशी सगळ्यांना न्यू मार्केट हवं होतं, मला मराठा खंदक. बर्गी, म्हणजे मराठे स्वार, येणार या धास्तीनं कलकत्त्याच्या लोकांनी १७४२ मध्ये गावाभोवती सात मैलांचा खंदक खणायला घेतला. तीनेक मैल झाला, बर्गी काही शहरात शिरले नाहीत, काम थांबलं. पुढे तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला.

"म्हणजे आता खंदक नाही?" हिनं विचारलं.

"नाही."

"आणि तेव्हा मराठे तिथं आले नाहीत?"

"नाही."

"मग बघायचं काय?"

"पाटी."

बागबाजारात मराठा डिच लेन आहे. वाळत घातलेल्या चादरी, गळका नळ, आणि एका घराच्या ओट्यावर मंकी कॅप घालून पेपर वाचणारे एक आजोबा. कुठून आलात, त्यांनी हिंदीत विचारलं. सगळे विचारतात, 'महाराष्ट्र' म्हटलं की 'बॉम्बे?' म्हणतात. मी सरळ नागपूर सांगितलं. आजोबांनी टोपी एका कानावरून वर सारली.

"भोंशले?"

"त्यांच्याच गावचे."

"बोर्गी!" आजोबा आनंदानं ओरडले. तीन खिडक्या उघडल्या. बंगालात मुलांना झोपवताना अंगाई म्हणतात, तिच्यात बर्गी देशात येतात, पाखरं धान खाऊन टाकतात, आता सारा कुठून द्यायचा, असं आहे. मी हसलो, पण जरा ओशाळून. गावं जाळली होती, माणसं देशोधडीला लागली होती. आमच्या शाळेच्या पुस्तकात ते 'मोहीम' या एका शब्दात उरकलं होतं. विषय बदलावा म्हणून मी सांगितलं, की बर्गी म्हणजे आमचा बारगीर. ज्याला घोडा सरकारी तो बारगीर, ज्याचा स्वतःचा तो शिलेदार.

"तुम्ही कशानं आलात?"

"टॅक्सीनं."

"मग बारगीरच," आजोबांनी निकाल दिला आणि मातीच्या भांड्यांतून चहा मागवला. पैसे देऊ दिले नाहीत. "यायला उशीर केलात," म्हणाले, "खंदक बुजला." निघताना आई सवयीनं "येतो" म्हणाली. त्यांनाही ते बरोबर कळलं. बंगाली माणूसही जाताना येतोच म्हणतो.

तिथून घाट जवळच. आई पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत गेली, मागं वळून आधी माझ्याकडे, मग वर आभाळाकडे बघितलं, आणि खात्री पटल्यावर नाणं सोडलं.

परतीच्या गाडीत समोर एक बंगाली कुटुंब होतं. दोन-अडीच वर्षांचं पोर झोपायला तयार नव्हतं. त्याची आई थोपटत गुणगुणू लागली आणि त्यात मला तो शब्द ऐकू आला. मी हिला कोपरानं ढोसलं. पोर टक्क जागं, समोर मेहुणा शेवटची पुडी चोळत बसलेला, मिशा आणि सगळं. मुलानं त्याला नीट न्याहाळलं, आईच्या मांडीवरून उतरलं, आमच्या सीटपाशी आलं आणि हिच्या मांडीवरच्या उघड्या खोक्यात हात घातला. नोलेन गुडाचे चार संदेश उरले होते. त्यानं एक उचलला.

"चौथाई," मी म्हणालो.

"झोपा आता," ही म्हणाली, आणि खोकं मिटलं.