पाळणा बंद, काकू चालू

"आला बघ परत कुठलासा ताप. परत मास्क लावा म्हणतायत," आबांनी ओटीवरून पेपरातली चार ओळींची बातमी मोठ्याने वाचली आणि कुंपणापलीकडे वालाच्या शेंगा सोलत बसलेल्या काकूंनी सूप खाली ठेवलं. आमच्या आळीत काकूंनी सूप खाली ठेवलं की ऐकणाऱ्याने गॅस बंद करून यावं, हे ठरलेलं आहे. मी बंद करून आले.

"पेपरवाल्यांचं काय जातंय गो! इथे माझ्या पोटात गोळा येतो. पोरगा आत्ता कुठे मार्गी लागलाय."

पोरगा म्हणजे काकूंचा धाकटा. घाटाकडच्या एका पार्कात पाळण्यावर असतो. उलटं टांगणारा, गरागरा फिरवणारा, अंधारातून पाण्यात सोडणारा, काकूंच्या लेखी सगळे पाळणेच. पार्क कुठलं ते त्या सांगू देत नाहीत. "नाव नको घेऊस हो कुठे, परत तिथेच काम करायचंय त्याला," अशी मला सक्त ताकीद आहे.

तशी आमच्या भागाला पाळण्यांची सवय जुनी. खोपोलीजवळ साजगावला बोंबल्या विठोबाची यात्रा भरते, कार्तिकी एकादशीपासून पुढे दिवसचे दिवस चालते. सुकी मासळी घ्यायची, घोंगडी घ्यायची आणि पाळण्यात बसून पोटातलं वर आणायचं, हा पिढ्यान् पिढ्यांचा कार्यक्रम. मग २०१३ च्या एप्रिलात तिथूनच पुढे, खोपोली-पाली रस्त्यावर मनमोहन शेट्टींचं इमॅजिका सुरू झालं. तोवर तो रस्ता आमच्यासाठी बल्लाळेश्वराचा. नंतर त्याच रस्त्याने मुंबई-पुण्याच्या गाड्या लागल्या, धाब्यांवर पाट्या लागल्या, फार्महाऊसं भाड्याने जाऊ लागली आणि आयटीआय झालेल्या पोरांना चाकणच्या अलीकडे नोकरी मिळू लागली. पुढच्या वर्षी वॉटर पार्क आलं, मग हॉटेल, मग बर्फाचं पार्क. रायगडात बर्फ! आबा अजून हसतात.

"आणि मग तो मेला मार्च," काकू म्हणाल्या.

मार्च २०२०. ९ तारखेला पुण्यात कोरोनाचे पहिले रुग्ण सापडले, १३ ला सरकारने १८९७ चा साथरोग कायदा लावला. "धाकटा घरी आला तो हसतच. म्हणाला, आई, पंधरा दिवस सुट्टी. मी युनिफॉर्म धुतला, इस्त्री केली, हँगरला लावला. एप्रिलात परत इस्त्री केली. जूनमध्ये त्याला बुरशी धरली, तेव्हा धुऊन ट्रंकेत टाकला."

"सुट्टीत करायचा काय दिवसभर?"

"काय करायचा! मोठ्याच्या पोरांची उंची मोजायचा. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने रेघ मारलेली. जो रेघेच्या खाली, त्याला झोपाळ्यावर बसायला बंदी. पोरं रडायची, ह्यांचं डोकं उठायचं. आणि मला स्कूटरवर बँकेत घेऊन गेला तर आधी मागे वळून माझा हात ओढून बघायचा, नीट धरलंयस ना? दोनदा ओढायचा. तिकडे तेच काम ना त्याचं. प्रत्येकाच्या छातीवरचा दांडा एकदा खाली दाबायचा, एकदा वर ओढून बघायचा, आणि मग आतल्या माणसाला अंगठा दाखवायचा. शनिवार-रविवारी हजारदा तरी. हात ऐकत नव्हता गो त्याचा."

हे मी कधी लक्षातच घेतलं नव्हतं. आपण पाळण्यात बसतो तेव्हा डोळे मिटलेले असतात. दांडा ओढून बघणाऱ्या पोराचं तोंड कुणाला आठवतं? आणि हे कौशल्य असं, की पार्क बंद झालं की बाहेर त्याला गिऱ्हाईक नाही. स्वयंपाकी कुठेही पोळ्या लाटेल, ड्रायव्हर टेम्पो चालवेल. दांडा ओढून बघणाऱ्याने कुठे जायचं?

पगाराचं विचारलं तर काकूंनी आधी इकडेतिकडे बघितलं. पोरगा ठेकेदाराकडचा. कंपनी वेगळी, ठेकेदार वेगळा. पार्कात तेव्हा चार माणसं ठेवली होती. यंत्रं बंद ठेवून चालत नाहीत, रिकामी का होईना फिरवावी लागतात, वंगण घालावं लागतं, पावसाळ्यात गंज बघावा लागतो. त्या चारांत मेकॅनिक आले, काकूंचा धाकटा आला नाही. ठेकेदाराने पहिला महिना अर्धा दिला, दुसऱ्या महिन्यात 'बघू' म्हणाला आणि तिसऱ्यापासून फोन उचलेना. "पीएफ कापत होता की नाही तेसुद्धा तेव्हा कळलं. नव्हता कापत," काकूंनी एक शेंग अशी सोलली की दाणा थेट माझ्या अंगणात आला.

त्यात ३ जूनला निसर्ग वादळ आलं. श्रीवर्धन, मुरूड, अलिबागची दैना सगळ्यांनी टीव्हीवर बघितली, पण पेण-रोह्याकडेही पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले. साथीत घरात बसा म्हणत होते, आणि घराला छप्पर नाही!

पेणकर असल्याचा एक फायदा, इथे हाताला काम नसलं तर गणपती देतो. धाकटा हमरापूरला एका कारखान्यात जाऊन बसला. नवख्याला डोळे आखायला कोण देणार! ते काम मुरलेल्या हातांचं. एक रेघ चुकली की मूर्ती रागावलेली दिसते. ह्याला दिला पॉलिश पेपर. सांध्याच्या रेघा घासायच्या, ओल्या फडक्याने पुसायच्या, परत घासायच्या. संध्याकाळी घरी यायचा तो पांढराफटक, भुवयांसकट. "पण हात हलके होते हो त्याचे," काकू अभिमानाने म्हणाल्या. "मालक म्हणाला, हा बोटाने चाचपून खोट काढतो."

जुलैत सरकारचा हुकूम निघाला, सार्वजनिक मूर्ती चार फुटांची, घरातली दोन फुटांची. कारखान्यांची कामं तर वर्षभर आधीपासून चालतात. मोठ्या मूर्ती शेडमध्ये उभ्याच राहिल्या, प्लॅस्टिक पांघरून. दहा फुटी गणपतीला कापून चार फुटी करता येत नाही. म्हणजे पार्कातून सुटला तो कारखान्यात, आणि तिथेही वरून हुकूम. २२ ऑगस्टला चतुर्थी झाली आणि तेही काम संपलं.

"आणि रोह्याचा भाचा?" मी विचारलं. काकूंची नणंद रोह्याला दिलेली. तिचा मुलगा कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंगची बोट नेतो.

इथे आबा पेपर टाकून उठले, कारण पाण्याचा विषय त्यांचा. कुंडलिकेतलं राफ्टिंग चालतं ते टाटांच्या भिरा वीजकेंद्रातून सोडलेल्या पाण्यावर. वीज तयार झाली की पाणी खाली येतं, सकाळी नदी भरते आणि बोटी सुटतात. "टाळेबंदीत देशाला वीज तर लागतच होती," आबा म्हणाले. "पाणी काही कुणी थांबवलं नाही. रोज नदी यायची. भाचा काठावर बसून बघायचा. बोटीतली हवा काढून घड्या घालून ठेवलेल्या." पाण्याशिवाय होडी अडते हे आपण ऐकलेलं. इथे पाणी हजर, होडी हजर, हात हजर, माणूस बसायला नाही. भाच्याने त्या वर्षी धाटावच्या एमआयडीसीत हंगामी काम धरलं. पोहणारा पोरगा, बॉयलरशेजारी उभा.

मग आबांनी बोटांवर मोजत यादी सुरू केली, आणि त्यांची यादी खोटी नसते. "दारूची दुकानं उघडली मे महिन्यात. हॉटेलं आणि बार ५ ऑक्टोबरला. सिनेमा ५ नोव्हेंबरला, अर्ध्या खुर्च्या भरून. देवळं पाडव्याला, १६ नोव्हेंबर. म्हणजे आधी बाटली, मग पडदा, मग देव. पाळणा कुठेच नाही!"

"अहो, पाळण्यावर माणसं ओरडतात, थुंकी उडते," मी सरकारची बाजू घेतली.

"बारमध्ये काय मौन पाळतात?"

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. जपानकडे मात्र होतं. टोकियोचं डिस्नेलँड २०२० च्या फेब्रुवारीअखेर बंद झालं ते १ जुलैला उघडलं. तिथल्या पार्कवाल्यांनी नियमच काढला, की पाळण्यात बसा, पण किंचाळू नका. फुजी पर्वताजवळच्या फुजी-क्यू पार्कचे दोन साहेब सुटाबुटात, मास्क लावून रोलर कोस्टरमध्ये बसले, चेहऱ्यावरची सुरकुती हलू न देता फिरून आले आणि वर लोकांना सांगितलं, ओरडायचं ते मनातल्या मनात ओरडा. काकू ह्यावर इतक्या हसल्या की सूप उलटायची पाळी आली. "आमच्या आळीतल्या पोरांना बसवा म्हणावं तसं!"

अमेरिकेत हसण्यासारखं काही नव्हतं. कॅलिफोर्नियाचं डिस्नेलँड १४ मार्च २०२० ला बंद झालं ते ३० एप्रिल २०२१ ला उघडलं, आणि मधल्या काळात, सप्टेंबरात, डिस्नेने तिकडची २८ हजार माणसं कमी करत असल्याचं जाहीर केलं. आपलं अख्खं पेण शहर २०११ च्या जनगणनेत ३८ हजारांच्या आत होतं. "म्हणजे आपल्या गावातली चारातली तीन माणसं घरी," आबांनी हिशेब केला. काकूंनी नुसतं "आई गं" म्हटलं. परक्या देशातल्या दांडा ओढणाऱ्यांसाठी आमच्या आळीत हळहळणारी बाई त्या दिवशी ही एकच असेल.

पार्कात येणाऱ्यांचंही नुकसान झालं, पण ते आम्ही तिकिटाच्या पैशात मोजतो. माझ्या ठाण्याच्या बहिणीच्या धाकट्याला २०२० च्या जानेवारीत मोठ्या पाळण्यावरून परत पाठवलं होतं, उंची कमी म्हणून. पुढच्या वाढदिवसाला बसवू, असं कबूल केलं होतं. पुढचा वाढदिवस घरात, त्याच्या पुढचाही घरात. शेवटी नेलं तेव्हा उंची भरपूर होती, पण तोवर तो मोबाइलमध्ये बुडालेला मुलगा झाला होता. पाळण्यात बसला, उतरला, 'ठीक होतं' म्हणाला. आमच्या शाळेच्या दहावीच्या तुकडीची सहल तर झालीच नाही. ती मुलं आता नोकऱ्यांना लागली. सहलीचे पैसे परत मिळाले, तो भाग वेगळा.

आणि ज्यांना कुणी विचारत नाही ते रस्त्यावरचे. पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगून बसणारे, भुट्टेवाले, करवंदं-जांभळांच्या परड्या घेऊन बसणाऱ्या ठाकरणी-कातकरणी. शनिवारी गाड्या आल्या तर त्यांचा आठवडा. त्यांना ठेकेदारही नव्हता, फोन न उचलायला.

२०२१ च्या एप्रिलात 'ब्रेक द चेन' आलं आणि मधल्या काळात जे किलकिलं उघडलं होतं तेही मिटलं. शेवटी २२ ऑक्टोबर २०२१ ला नाटक-सिनेमाबरोबर पार्कांना परवानगी मिळाली, तीही कोरड्या पाळण्यांपुरती, पाण्यातले बंदच. धाकट्याला बोलावणं आलं. ह्या वेळी ठेकेदार दुसरा. काकूंनी ट्रंकेतून युनिफॉर्म काढला, कंबरेत दोन बोटं सैल केला. आणि पंधरवड्यातच एसटीचा संप पेटला!

"खोपोलीला जायचं कशाने? एसटी नाही. सहा आसनी जीपमध्ये बारा जण. पार्कात अंतर ठेवा, अंतर ठेवा, असं दिवसभर सांगायचं आणि घरी यायचं ते दुसऱ्याच्या मांडीवर बसून," काकू म्हणाल्या. संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. तेवढ्यात १० जानेवारीपासून ओमायक्रॉनसाठी पार्क पुन्हा बंद, १ फेब्रुवारीपासून पुन्हा निम्म्या गर्दीने चालू. तीन आठवडेच, पण काकू सांगतात की त्या तीन आठवड्यांत धाकटा जितका खचला तितका पहिल्या दीड वर्षात नव्हता खचला. पहिल्यांदा सगळं जग बंद होतं. ह्या वेळी शेजारचं दुकान चालू आणि आपलंच बंद.

त्याच वर्षी इमॅजिका संगमनेरच्या मालपाणी समूहाने घेतलं. कर्ज आधीपासूनचं होतं, साथीने त्यावर कळस चढवला. मालक बदलला, पाळणे तेच, आणि आमच्या भागातली पोरं अजूनही तिथे जातात.

माझं मत विचाराल तर बंद करणं चूक नव्हतं. माणसं मरत होती. चूक ही, की ज्यांना सगळ्यांत शेवटी उघडायचं ते आधी ठाऊक होतं, त्यांच्या पोटाची तजवीज कुणीच सगळ्यांत आधी केली नाही. ठेक्यावरच्या पोराचं नाव ना कंपनीच्या यादीत, ना सरकारच्या. हे आजही तसंच आहे. आबांनी वाचलेली बातमी चार ओळींची असली तरी काकूंचा गोळा खोटा नाही.

धाकट्याला ह्या ठेकेदाराने पीएफचा नंबर दिलाय. काकूंनी तो पंचांगाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय आणि दर महिन्याला मोठ्या मुलाकडून मोबाइलवर तपासून घेतात. तुमच्या घरातलं कुणी पार्कात, रिसॉर्टात, बोटीवर ठेक्याने लागलेलं असेल तर तुम्हीही आजच तपासा. पार्क चालू आहे तोवर ठेकेदार फोन उचलतो.