यादी, वजनकाटा आणि चाळीस टक्के गझ

तेहरान, २१ मे

ती. आई-बाबांस,

शि. सा. न. वि. वि.

रोज फोन होत असताना पत्र कशाला, असं बाबा म्हणतील. फोनवर मी यादीचा विषय काढला की आई "थांब, लिहून घेते" म्हणते आणि लिहून घ्यायच्या ऐवजी आणखी दोन जिन्नस सांगते. कागद उलट बोलत नाही. म्हणून पुढच्या महिन्यात मिरजेला यायच्या आधी तुमच्या एकोणीस कलमी यादीचा हिशेब एकदाच लेखी देतोय.

बाबा, 'यादी' हा शब्दही मूळचा इथलाच. महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेऊन कारभारातली फारसी कशी काढली, हे तुम्ही आम्हाला वर्गात आणि घरी, असं दोनदा शिकवलंत. कारभारातून गेली असेल, दुकानातून काही गेली नाही. दुकान, बाजार, नमुना, किंमत एवढ्या भांडवलावर मी इथे अर्धा तास सौदा करतो. पुढचा अर्धा तास मंजू करते, एक शब्द न बोलता, आणि भाव उतरतो तो त्या अर्ध्या तासातच. फक्त एकदा फसलो. आईच्या यादीत 'सुका मेवा' होता, म्हणून मी दुकानदाराला ऐटीत 'मिवे' म्हणालो. त्याने आम्हाला शेजारच्या दुकानात नेऊन सफरचंदं आणि काकड्या दाखवल्या. इथे मिवे म्हणजे ताजी फळं, आणि काकडी फळात मोडते! पाहुण्यांपुढे फळांच्या तबकात सालासकट काकडी येते. आई, तुझ्या खमंग काकडीबद्दल मी त्यांना अजून काही सांगितलेलं नाही.

तर खरेदीसाठी चार दिवस इस्फहानला गेलो. तेहरानहून साडेचारशे किलोमीटर. वाटेत काशान लागतं आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे कमसर नावाचं गुलाबांचं गाव. मे महिना म्हणजे तिथला हंगाम. पहाटे खुडलेली फुलं तांब्याच्या मोठ्या हंड्यात घालून, झाकण लिंपून, खाली जाळ लावतात. वाफ नळीतून गार पाण्यात ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात उतरते. तेच पाणी पुन्हा नव्या फुलांवर घालून काढलं की 'दोआतशे', म्हणजे दोनदा विस्तवावर चढलेलं. त्या पाण्याला म्हणतात गुलाब. गुल म्हणजे फूल, आब म्हणजे पाणी. म्हणजे आपण फुलाला पाण्याचं नाव दिलं, आणि मग पाण्याला काय म्हणावं ते सुचेना म्हणून 'गुलाबपाणी' म्हणालो. फुलाच्या पाण्याचं पाणी! बाबा, हे तुमच्या भाषाशुद्धीच्या वहीत टिपून ठेवा. दोन बाटल्या घेतल्या. त्यातली एक गाडीतच सांडली, त्यामुळे इस्फहानपर्यंतचा प्रवास कोणाच्या तरी लग्नाच्या मांडवात बसल्यासारखा झाला.

इस्फहानच्या मैदानाबद्दल काय लिहू! नक्श-ए-जहान. शाह अब्बासाने १५९८ साली राजधानी तिथे हलवली आणि हे मैदान आखलं. लांबी ५६० मीटर, रुंदी १६०. चारी बाजूंनी कमानी, आणि कमानींच्या आत दुकानं. एका बाजूला निळी मशीद, एका बाजूला राजवाडा. या दोन्हींकडे पाठ करून मंजू ज्या वेगाने तिसऱ्या बाजूच्या बाजारात शिरली, तो शाह अब्बासाने पाहायला हवा होता.

तांबटांची आळी कानाने सापडते. मावशीला गुलाबदाणी हवी होती, कारण जुनी म्हणे कोणाच्या तरी मुंजीत गेली ती परत आलीच नाही. इथे नक्षी ठोकायच्या कामाला कलमझनी म्हणतात. कारागीर भांड्याच्या पोटात आधी पातळ डांबर ओतून ते थिजू देतो, म्हणजे बाहेरून छिन्नी मारली तरी पत्रा पिचकत नाही. मग डाव्या हातात छिन्नी, उजव्यात हातोडी, आणि नजर भलतीकडेच. आमच्याशी गप्पा मारता मारता त्याने एक पूर्ण पाखरू काढलं. काम झालं की भांडं तापवून डांबर काढून टाकायचं. आई, मंजूने तुझा प्रश्न विचारला, आतून कल्हई आहे का. शब्द त्याला कळला की खूण कळली कोण जाणे, पण त्याने झाकण काढून आतली चकाकी दाखवली आणि मंजूने त्याच्याकडे अशा आदराने पाहिलं, जसं तिने माझ्याकडे अद्याप पाहिलेलं नाही.

काकूचं टेबलक्लॉथ मात्र मीच निवडलं. कलमकार म्हणतात. नाव आपल्या कलमकारीचंच, पण इथे लेखणी नाही, ठसे असतात, पेअरच्या लाकडात कोरलेले. काळा, तांबडा, निळा, पिवळा, प्रत्येक रंगाला वेगळा ठसा. छापणारा ठसा कापडावर टेकवतो आणि गादी बांधलेल्या मुठीने वर दणका देतो. दिवसभर धप्प, धप्प. आम्ही पाहत होतो तेवढ्या वेळात त्याचा एकही ठसा केसभर सरकला नाही. मी शाळेत तुमच्या मुख्याध्यापकांचा शिक्का मारायचो, तो दर वेळी वाकडा पडायचा, हे आठवलं.

त्या कापडावर, इथल्या टाइल्सवर आणि यज्दच्या तेर्मे नावाच्या भरजरी विणीवर, सगळीकडे कोयरी! दुकानदार म्हणाला, हे वाऱ्याने शेंडा वाकलेलं सरूचं झाड. मी म्हणालो, ही कैरी. त्याने कैरी पाहिलेली नाही आणि मिरजेत सरू मी पाहिला तो फक्त बागेच्या कुंपणाला. मंजूने फोनवर काकूच्या पैठणीचा पदर काढून त्याच्या पुढे धरला. तो बराच वेळ पाहत राहिला आणि शेवटी म्हणाला, "हो, पण सरूच." आम्ही चहा प्यायलो. दातांत साखरेचा खडा धरून प्यायचा चहा असतो तो. वाद मिटला नाही, भाव मात्र थोडा मिटला.

आता झोपाळा. बाबांनी 'झोपाळ्यावर अंथरण्यापुरता लहानसा गालिचा' असं लिहिलं होतं. त्या मापाला इथे पोश्ती म्हणतात, साठ सेंटिमीटर बाय नव्वद. दुकानदाराने तबरीझचा एक काढला आणि उलटा करून दाखवला, कारण जाणकार म्हणे आधी पाठ बघतो. पाठीवर नक्षी समोरच्याइतकीच स्वच्छ हवी. हा पन्नास रजचा होता. म्हणजे साधारण सात सेंटिमीटरमध्ये पन्नास गाठी, आडव्याही आणि उभ्याही. मी तिथेच हिशेब केला. तेवढ्याशा आसनात पावणेतीन लाख गाठी, एकेक बोटांनी मारलेली. आणि त्यावर बाबा पाय वर घेऊन पेपर वाचणार नि आई भुईमुगाच्या शेंगा सोलणार. मला किंमत विचारायचीही हिंमत होईना. विचारल्यावर तर पोश्तीनेच आम्हाला दुकानाबाहेर काढलं म्हणा ना. शेवटी गिलीम घेतली. तिला गाठी नसतात, घडी होते, आणि ती आपल्या सतरंजीची सख्खी चुलतबहीण दिसते. सोला शेंगा.

केशर. आई, तू 'पाव किलो' लिहिलं आहेस. एक किलो केशराला दीड लाखाच्या आसपास फुलं लागतात, एका फुलात तीनच काड्या, त्याही हाताने खुडायच्या. तुझ्या पाव किलोसाठी खोरासानातल्या कोणीतरी साडेसदतीस हजार फुलांपुढे वाकायचं. आणि सत्यनारायणाच्या शिऱ्यात तू घालतेस चार काड्या. इथे केशर मिसकालावर विकतात, एक मिसकाल म्हणजे साडेचार ग्रॅमांहून किंचित जास्त. दोन मिसकाल घेतलंय, 'सरगोल', म्हणजे नुसते लाल शेंडे. चिमूटभर साखरेबरोबर खलून कोमट पाण्यात भिजत घाल, रंग दुप्पट सुटतो.

पिस्ते काकांचे. उकललेल्या पिस्त्याला इथे 'खंदान' म्हणतात, हसरा. न उकललेला तो तोंडमिटका. काकांनी सोसायटीच्या सभेत वाटायचे म्हटलंय, तर हसरेच घेतले, निदान कोणीतरी हसेल. चिमीने स्वतःच्या पैशांनी लवाशक घेतलं. ती आपली आंबापोळीच, फक्त आलुबुखार आणि डाळिंबाची आणि इतकी आंबट की खाताना एक डोळा आपोआप मिटतो. निम्मं तिथेच संपलं. नानांना सेतार हवी होती. नावात तीन तारा, वाद्यावर चार! मिरजेत राहून इराणातून तंतुवाद्य मागवणाऱ्या माणसाला मी उत्तर देणार नाही.

आता नाजूक विषय. आई, जरा बस.

मागच्या खेपेला इस्फहानची मिठाई आणली होती, गझ. पांढरी, चिवट, पिस्ते घातलेली. डब्यावर ४० टक्के लिहिलेलं पाहून बाबा म्हणाले होते, "तुझी परंपरा मिठाईतही पाळलीस." तो सुक्या मेव्याचा हिस्सा असतो बाबा, आणि मिठाईत चाळीस म्हणजे उत्तम गुण. त्या वड्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून पिठात पुरलेल्या असतात. आईने ते पीठ पाहून एकेक वडी नळाखाली धुतली, निथळत ठेवली, आणि मग बाबांची कवळी त्यात अडकली, हा इतिहास घरात सर्वांना ठाऊक आहे. ठाऊक नाही ते पुढचं. परवा गझ करताना प्रत्यक्ष पाहिलं. अस्सल गझमध्ये झुडपावरच्या एका बारीक किड्यापासून पाझरणारा गोड चीक घालतात. हल्ली पुष्कळ ठिकाणी नुसती साखर असते, म्हणून तेवढं सोडून देऊ. पण ते पांढरं दिसतं ते अंड्यामुळे. अंड्याचा पांढरा भाग फेसून घालतात. आणि तू ते एकादशीला भजनी मंडळात वाटलं होतंस, उपासाला चालतं म्हणून.

मी दोन रात्री झोपलो नाही. म्हणून या वेळी मंडळासाठी नबात घेतली आहे. काडीवर वाढवलेली केशरी खडीसाखर. साखर, पाणी, केशर, चौथं काही नाही. इथे पोट दुखलं, डोकं दुखलं, मन दुखलं, तरी चहात नबात ढवळून देतात, थोडक्यात इथला ओवा. हा प्रसाद निर्धास्त वाट आणि मागचं देवाला सांग की मुलाची चूक.

सामान बाथरूमच्या वजनकाट्यावर ठेवलं तर काटा दिसत नाही, म्हणून मी बॅग छातीशी धरून उभा राहतो आणि मंजू वाकून आकडा वाचते. कालपर्यंत चार किलो जास्त होतं. माझे बूट आणि दोन पुस्तकं काढली. गुलाबदाणीच्या आत माझे मोजे भरलेत, मावशीला देण्याआधी आठवणीने काढ.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. आंबे संपवू नका.

तुमचा,
बंडू

ता. क. ती. आई, मी मंजू. यांनी पत्र बंद करायला दिलं म्हणून दोन ओळी घालते. गझमध्ये अंडं असतं हे मला मागच्याच वर्षी कळलं होतं. मी बोलले नाही, आणि तुम्हीही फोनवर "त्यात काय काय असतं ते मला सांगू नकोस" म्हणाला होतात, ते माझ्या लक्षात आहे. मंडळातल्या सगळ्यांनी 'ते मागचं पांढरं' पुन्हा मागितलंय हा तुमचा निरोप पोचला. यांचे बूट काढले त्या जागी दोन डबे बसले आहेत, चाळीस टक्केवालेच. या वेळी पीठ फक्त झटका, धुऊ नका. बाबांना कवळी काढून मगच द्या.